काटा आणि काडी

भरती भरल्याशिवाय बोटीत पाय ठेवणार नाही, असं इंजिनाचा मिस्त्री विल्फ्रेडने फोनवरच सांगितलं होतं. ओहोटीला लकडी बंदरातल्या बोटी चिखलात कलतात आणि कललेल्या बोटीत इंजिनातलं तेल मोजायची काडी खोटी पातळी दाखवते. शिवाय इंजिन चालवायचं तर ते थंड ठेवायला खालून समुद्राचं पाणी मिळावं लागतं. त्याचे गुडघे गेले आहेत आणि बोट धक्क्याच्या उंचीला आल्याशिवाय त्याला उतरता येत नाही, हे तिसरं कारण त्याने सांगितलं नाही. आनंदाला ते माहीत होतं.

गिरगावातल्या वाडीतून विल्फ्रेड टॅक्सीने आला, हत्यारांची पिशवी पोटाशी धरून. आनंदाने त्याला हात दिला. मागून आनंदाचा मुलगा विनीत दुसरी पिशवी घेऊन उतरला. तिघे इंजिनाच्या खोलीत वाकून उभे राहिले. खोलीत डिझेलचा वास होता आणि पायाखाली काळं, तेलकट पाणी हलत होतं.

आनंदा घाडी काळाचौकीच्या चाळीत वाढला. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर घर चालवायला आनंदा बंदरात खलाशी म्हणून लागला, मग बोट चालवणारा सारंग झाला आणि शेवटी या जुन्या लाकडी बोटीचा मालक. बोटीला त्याने आईचं नाव दिलं, मालन. बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, पिण्याचं पाणी आणि माणसं पोहोचवायची, हे तिचं काम. गेल्या दिवाळीनंतर विनीतला परवाना मिळाला आणि आनंदाने सुकाणू त्याच्या हाती दिलं.

गेल्या आठवड्यात एका जहाजाला भाजी देऊन परत येताना इंजिन बिघडलं. विनीतने बोट धक्क्याला आणली खरी, पण तोपर्यंत आतून कोणी हातोडा मारतोय असा आवाज येत होता. इंजिन बंद केलं ते आजतागायत बंदच होतं.

चाळीत ही बातमी लपण्यासारखी नव्हती. समोरच्या खोलीतल्या गणपतने गॅलरीतूनच विचारलं होतं, "काय कॅप्टन, गाडी सर्व्हिसिंगला का?" त्यावर विनीतच्या आधी आनंदाच बोलला, "ह्याला इंजिनाचा आवाज कळतो का? कानात बोळे घालून बसतो. आमच्या वेळी मेल्या, पायाच्या तळव्याला कळायचं." विनीत आत निघून गेला होता.

आता प्रश्न एकच होता. क्रँक शाबूत आहे की नाही.

इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि ती धाव गोल फिरवून मागच्या पंख्याला देतो तो क्रँक, मनगटाहून जाड पोलादी दांडा. तो बेरिंगमध्ये फिरतो आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. त्या पडद्यामुळे लोखंड लोखंडाला शिवत नाही. पडदा टिकवायला पंप तेल दाबून पाठवत राहतो. दाब गेला तर पडदा गेला, आणि मग क्रँकवर चरे पडतात. चरे पडलेला क्रँक घासून गुळगुळीत करता येतो, पण दर वेळी तो थोडा बारीक होतो. 'मालन'चा क्रँक विल्फ्रेडनेच मागे घासून आणला होता, शेवटच्या मापापर्यंत. त्याहून जाड बेरिंग बाजारात मिळत नव्हतं, आणि या जातीची इंजिनं बनायची बंद होऊन जमाना झाला होता. आणखी एक चरा, आणि बोट संपली. शेजारच्याच प्लॉटवर जहाजं तोडणारे होते.

विल्फ्रेड डब्यावर बसला. "सुरू करायची घाई नाही. आधी काडी."

त्याने तेलाची काडी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर चढलं होतं.

"हे कोणी भरलं?"

"मी," विनीत म्हणाला. "येताना. कॅन होता तो सगळा ओतला."

"काडी बघून ओतलंस की न बघता?"

"बाबांनी सांगितलं टाक म्हणून."

"मग काय सांगणार?" आनंदा म्हणाला. "हा फोनवर म्हणाला ऑइल उतरलंय. उतरलं तर टाकायचंच ना. ह्या इंजिनाची गळती तुला माहिती आहे, विल्फी. दोन पावसाळे सील बदलतोय मी. रोज उतरतं, रोज टाकतो."

विल्फ्रेड त्याच्याकडे न बघता विनीतला म्हणाला, "तू काय बोललास ते सांग. जसंच्या तसं."

"म्हटलं, बाबा, ऑइल उतरलंय. बाबा म्हणाले, किती? मी म्हटलं, निम्म्याच्या खाली. ते म्हणाले, टाक आणि ये. मग रेंज गेली."

"निम्म्याच्या खाली काय होतं? काटा की काडी?"

विनीत पायाखालच्या पाण्याकडे बघत राहिला.

"काटा," तो म्हणाला.

धक्क्यावर कोणीतरी लोखंडी पत्रा टाकला, त्याचा आवाज आला आणि विरला.

आनंदाच्या घरात तेल उतरतं ते समईतलं, नाहीतर डब्यातलं. उतरलं म्हणजे पातळी खाली गेली, आता ओता. विनीतच्या डोळ्यांपुढे सुकाणूशेजारची, तेलाचा दाब दाखवणारी तबकडी होती, तिच्यावर ऑइल असं लिहिलेलं, आणि तिचा काटा उतरत होता. शब्द दोघांचा एकच होता. काडीवरचं तेल उतरलं तर भर घालून पुढे जाता येतं. काटा उतरला तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, नांगर टाकायचा आणि कोणी ओढून न्यायला येईपर्यंत हलायचं नाही.

"काटा पडला की बंद करायचं, हे शिकवलं ना तुला?" विल्फ्रेडने विचारलं.

"शिकवलं."

"मग?"

"बाबांनी ये म्हटलं ना."

आनंदाने भिंतीवरची टॉर्च काढली, पेटवली, विझवली. "आता ते उगाळून काय होणार? बघ ना काय झालंय ते."

विल्फ्रेडने काडीवरचं तेल दोन बोटांत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं आणि बोटं विनीतपुढे धरली. "वास घे."

"डिझेल."

"बरोबर. तेलात डिझेल मिसळलंय. तेल पातळ झालं की दाब पडतो आणि पातळी उलट वाढते. म्हणजे काडी भरलेली आणि काटा खाली. कुठून आलं असेल डिझेल?"

विनीतने विचार केला. मग वाकून इंजिनाच्या बाजूला असलेल्या, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावर बोट ठेवलं. विल्फ्रेडने मान डोलावली. पंप खोलला तर आतला रबरी पडदा फाटलेला निघाला. त्यातून डिझेल थेंब थेंब इंजिनाच्या पोटात उतरत होतं.

"एवढंच?" आनंदाचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "अरे, मग हा पडदा बदलू. मी आत्ता आणतो."

"बदलू," विल्फ्रेड म्हणाला. "पण डिझेल कसं शिरलं ते कळलं. त्यानंतर काय झालं ते अजून बघायचंय."

आनंदा पडदा, नवं तेल आणि फिल्टर आणायला गेला. तेवढ्यात विल्फ्रेडने जुनं तेल खाली काढलं आणि विनीतला ते धोतराच्या फडक्यातून गाळायला लावलं. फडक्यावर काळा गाळ राहिला. विल्फ्रेडने तो टॉर्चच्या उजेडात आडवा धरला, तेव्हा त्यात बारीक चंदेरी कण चमकले.

"हे काय, अंकल?"

"बेरिंगचा धातू."

"म्हणजे गेलं?"

"जुन्या इंजिनात थोडा असतोच. आणखी बघू." त्याने फडकं दुमडून ठेवलं. आनंदा परत आल्यावर दोघांपैकी कोणीच त्याला ते दाखवलं नाही.

आनंदा हातात पिशव्या घेऊन उत्साहाने बोलत होता. तो खाली नव्हता तेवढ्या वेळात त्याने बोट मनातल्या मनात दुरुस्त करून टाकली होती. "ही गळती पण आजच बघून टाक विल्फी. पुढचं सील, मागचं सील, झाकणाचं पॅकिंग, सगळं बदललं. तरी कुठून ना कुठून बाहेर येतंच."

"एकाच वेळी सगळीकडून गळतं ना? मग दोष सीलचा नसतो. आतली हवा कोंडते आणि ती तेलाला बाहेर ढकलते." विल्फ्रेडने इंजिनाच्या डोक्यावरची छोटी टोपी काढली. तिथून इंजिन श्वास सोडतं. टोपीच्या आत तारेची जाळी असते. त्याने खिळ्याने खरवडलं तर हिरवे पापुद्रे सुटले. एकाखाली एक, जाडजूड थर. जाळीचं एक भोकही उघडं नव्हतं.

"हा ऑइलपेंट कसला?"

रंग आनंदाचाच होता. दर दसऱ्याला तो इंजिन पुसून हिरवं रंगवायचा. झेंडूची माळ घालायचा, नारळ फोडायचा. टोपी राहिली तर ओकंबोकं दिसतं म्हणून तिलाही एक हात मारायचा. चाळीतल्या बायका ओवाळायला यायच्या, तेव्हा विनीतची आई सीमा म्हणायची, आमच्या घरात एवढी चकचकीत वस्तू दुसरी नाही.

"नाक बंद केलंस तिचं," विल्फ्रेड म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने टोपी रॉकेलमध्ये टाकली.

नवं तेल भरलं. पडदा बसवला. विल्फ्रेडने आपल्या पिशवीतून स्वतःची तबकडी काढली आणि बोटीच्या तबकडीच्या जागी जोडली. "कधीकधी इंजिन धडधाकट असतं आणि काटाच मरतो. म्हणून दुसऱ्याच्या काट्याने बघायचं. दाब नसेल तर इशारा करीन, लगेच बंद कर."

विनीतने इंजिन सुरू केलं. काटा झपकन वर गेला आणि उभा राहिला. आवाज स्वच्छ होता. आनंदाने विल्फ्रेडच्या खांद्यावर थाप मारली आणि विनीतकडे बघून हसला. गेल्या आठवड्यानंतर तो पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसत होता.

"थांब," विल्फ्रेड म्हणाला. "गरम होऊ दे."

तिघे काट्याकडे बघत बसले. थंड तेल घट्ट असतं, ते झिजलेल्या फटींतूनही लवकर निसटत नाही. गरम झालं की पातळ होतं, आणि इंजिनाचं खरं कळतं. धक्क्यावरची चहाची किटली एकदा येऊन गेली. मग काटा हलला. आधी इतका थोडा की आनंदा म्हणाला, बोट हलली म्हणून. मग तो उतरतच गेला आणि खालून तो आवाज आला, लोखंडावर लोखंडाचा. विल्फ्रेडने हात उचलला. विनीतने इंजिन बंद केलं.

"पंप असेल," आनंदा लगेच म्हणाला. "तेलाचा पंप. नाहीतर तो व्हॉल्व्ह, जास्तीचा दाब सोडणारा. स्प्रिंग मेली असेल त्याची."

विल्फ्रेडने व्हॉल्व्ह काढून विनीतच्या तळहातावर ठेवला. स्प्रिंग सरळ, ताठ. बसायची जागा आरशासारखी. मग तेलाचा पंप. दातांमध्ये केसाएवढीही फट नव्हती. पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणीही मोकळी.

"बघ, सगळं चांगलं आहे," आनंदा म्हणाला. "पंप तर नवा असल्यासारखा."

विल्फ्रेडने हात पुसले. तो विनीतशी बोलत होता, पण त्याला आनंदाने ऐकायला हवं होतं. "तुमच्या चाळीत मोटर खाली आहे ना पाण्याची? तळमजल्यावर कोणी नळ धो धो सोडून ठेवला तर तिसऱ्या मजल्यावर काय येतं?"

"हवा," विनीत म्हणाला.

"मोटर चांगली, पाइप चांगला, टाकीत पाणी आहे. तरी वर हवा. तर मग दोष कुठे बघायचा?"

विनीतने इंजिनाच्या पोटाकडे बघितलं, जिथे क्रँकची बेरिंगं होती. त्याला कळलं होतं.

"आनंदा, पंप खराब निघाला असता तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती," विल्फ्रेड म्हणाला. "पंप बदलता येतो. जे जे चांगलं निघालं ना, ते सगळं आपल्या विरुद्ध गेलं."

आनंदा पायरीवर बसला. सीमाने दिलेला डबा त्याच्या शेजारी तसाच होता. भरती ओसरायला लागली होती आणि बोट बुडाने चिखलाला टेकल्याचं तिघांनाही जाणवलं. "क्रँकवरचं झाकण उघडू नको," तो म्हणाला. "असंच चालवू. हळू चालवू. जाड तेल घालू. बंदरातल्या बंदरात फिरवू."

"आणि बाहेर भर समुद्रात अडकली तर? वर माणसं असतात."

"मी स्वतः चालवीन. माझ्या जबाबदारीवर."

"बाबा," विनीत म्हणाला, "उघडू दे त्यांना."

इंजिनाच्या कुशीत हात जाईल एवढी झाकणं होती. विनीतने एकेक बोल्ट सैल केला. विल्फ्रेडने सांगितलं तशी, क्रँकला खालून धरणारी लोखंडी पकड त्याने सोडवली आणि बेरिंगचा अर्धा तुकडा बाहेर आणला. तो गुळगुळीत करडा असायला हवा होता. वरचा थर निघून गेला होता आणि खालून तांब्याचा रंग डोकावत होता.

"आता क्रँक. नख फिरव आडवं," विल्फ्रेड म्हणाला. "डोळ्यांना चरा दिसला तरी नख अडकत नसेल तर चालतो. नख अडकलं की नाही."

विनीतने हात पुढे केला आणि मागे घेतला. आनंदाने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. तो पालथा पडला, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि चाचपून त्याने अंगठ्याचं नख क्रँकवर टेकवलं. हळू सरकवलं. अडकलं. त्याने दुसऱ्या जागी टेकवलं. तिथेही अडकलं. मग तो नख फिरवतच राहिला, जणू एखादी तरी गुळगुळीत जागा सापडेल. विल्फ्रेडने शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

बोट आता एका बाजूला कलली होती. बोल्ट फिरवायचे पाने घरंगळत जाऊन भिंतीला लागले.

"थांबलो असतो तिथेच, तर वाचला असता का?" विनीतने विचारलं.

विल्फ्रेडने खोटं सांगितलं नाही. "बेरिंग गेलं असतं. क्रँक बहुतेक वाचला असता."

आनंदा उठून बसला. त्याचा हात खांद्यापर्यंत काळा झाला होता. "मी ये म्हटलं म्हणून तू आलास," तो विनीतला म्हणाला. "तू काटा सांगत होतास आणि मी काडी ऐकली."

"माहिती आहे मला."

"आता कळलं ना, अंकलनी विचारल्यावर."

"नाही. तेव्हाच कळलं. ओतून झाल्यावर काडी बघितली, तर पार भरलेली. म्हटलं, बाबांना हे वाटलं होय. पण तोपर्यंत आवाज सुरू झाला होता."

"मग बोलला का नाहीस? मी अख्ख्या चाळीला सांगत फिरतोय, पोराने इंजिन घालवलं म्हणून."

"काय बोलणार," विनीत म्हणाला. "गणपतकाका होते समोर."

तो खाली वाकून बोल्ट गोळा करायला लागला. आनंदाने बेरिंगचा तो तुकडा उचलला, पँटला पुसला आणि परत होता तिथे ठेवला.

"झाकणं लावून घे रे," विल्फ्रेड विनीतला म्हणाला.

"कशाला अंकल? आता काय राहिलंय?"

"उघडं इंजिन टाकून मी कधी गेलो नाही. समोरासमोरचे बोल्ट आवळ. एकाच बाजूने आवळत गेलास तर झाकण वाकतं."

विनीत आवळत राहिला. आनंदा वर गेला. बोट कलल्यामुळे धक्क्यावर चढायला फळी टाकावी लागली. तो शेजारच्या प्लॉटपर्यंत चालत गेला. तिथे एका मोठ्या जहाजाची अर्धी कूस कापून झाली होती आणि गॅसकटरचा वास हवेत भरला होता. गेटवर एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. विनीत झाकणं लावून मागोमाग आला, पण थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"मालन का क्या?" गेटवरच्या माणसाने विचारलं. बंदरात सगळ्यांना सगळं कळतं.

"हां. पुढल्या भरतीला ओढून घेऊन जा."

"इंजन चालू है?"

"नाही."

"कैसे गया?"

आनंदाने मागे वळून बघितलं. विनीत तिथेच होता, हात पुसत.

"काटा पडला होता," आनंदा म्हणाला, विनीतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पोरगा बंद करणार होता. मी करू दिलं नाही."

त्या माणसाला मराठी येत होतं, पण हे ऐकण्यात त्याला रस नव्हता. तो उठून उभा राहिला होता आणि डोळ्यांवर हात धरून चिखलात कललेल्या बोटीचा अंदाज घेत होता.

"लकडी अच्छी है," तो म्हणाला.